डेझीची घंटा

सेलू, १० जानेवारी २०२५

चि. भक्तीस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन मी मुद्दाम उचलला नाही. रागवायचं तर कागदावर रागवावं. फोनवर तू मध्येच रडतेस आणि माझा राग वाया जातो.

डेझी आता इथे नाही. तिला फिट येतात म्हणून तू तुझ्या सरांना विचारून गोळी सुरू करायला लावलीस. फिट थांबल्या, कबूल. पण पिल्लू असल्यापासून शिकवलेलं सगळं तिच्या डोक्यातून पार गेलं. सकाळ-संध्याकाळ परसात जाऊन येणारी शहाणी कुत्री आता सतरंजी ओली करते, देवघराच्या उंबऱ्यावर बसते, आणि परवा तर वकिलीणबाईंच्या चपलेवर! ओरडून झालं, बाकीचंही करून झालं. शाळेत मी भल्याभल्यांना वळण लावलं, आणि एका कुत्रीनं माझी अब्रू घालवली. शेवटी पालमला सटवाजीकडे पाठवून दिली. आपली जमीन तो करतो, कुत्रीही सांभाळेल. मी काही तिला परत आणायची नाही.

तू कॉलेजात उंदरांना औषधं पाज. आमच्या घरावरचे प्रयोग पुरे.

रागात असले तरी तुझीच,
सविताआत्या

परभणी, १६ जानेवारी

ती. सविताआत्यास शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पेन इतकं दाबलं आहेस की कागद दोन ठिकाणी फाटला. गोळी माझ्यामुळे सुरू झाली, म्हणून डेझी घराबाहेर गेली ती माझ्यामुळेच, हे डोक्यातून जात नाही.

तुला ओंगळ वाटणाऱ्या उंदरांचंच सांगते. थोडं थांबून खटका दाबला की दाणा मिळतो, असं आम्ही त्यांना शिकवलं. काहींना वेळ मनानंच ओळखावी लागते. काहींच्या पिंजऱ्यात वेळ झाली की दिवा लागतो. मग दोन्ही गटांना तेच गुंगीचं औषध, तेवढंच दिलं. मनानं ओळखणारे पार गोंधळले. दिवेवाले जवळजवळ पूर्वीसारखेच वागले. गुंगीत आतलं घड्याळ चुकतं, पण बाहेरून खूण मिळाली की शिकलेलं जमतं.

म्हणून विचारते, चिडू नकोस. डेझीला परसात सोडताना तू ती पितळी घंटा वाजवायचीस. गोळी सुरू झाल्यावरही वाजवत होतीस ना?

सटवाजीकाकांना सांग, गोळी बंद करू नका. एकदम सोडली तर फिट जोरात येतात.

रागातून उरलेली माया माझ्यासाठी ठेव.
तुझी भक्ती

पालम, २३ जानेवारी

चि. भक्तीस आशीर्वाद. द्यायला तोंड नाही, तरी घे.

घंटा मीच बंद केली होती. गोळीनं तिला पेंग येते, झोपमोड कशाला, म्हणून कपाटात ठेवून दिली. केवढी माझी दया! आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टरच्या घंटेशिवाय कुणी ताटावरून उठत नसे, आणि या मुक्या जीवानं मात्र वेळ मनानं ओळखावी.

तू विचारलं नाहीस, तेही सांगते. सतरंजी ओली दिसली की मी तिला छडीनं मारत होते.

घंटा पिशवीत घालून एसटीनं इथे आले. प्रत्येक खड्ड्याला ती वाजे. शेळी कुठं दडवली, असं कंडक्टरनं विचारलं. इथे कस्तुराबाई दारातच उभी. तुमची मडम आमच्या मिरच्यांच्या वाळवणावर बसायलीय, तिला न्या नाहीतर मिरच्या तरी न्या, हे तिचं स्वागत. सटवाजीनं बायकोला गप केलं, कुत्रं लय गुणाचं हाय म्हणाला. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

अंगणात उभी राहून मी घंटा वाजवली. बाजेखाली पेंगणारी डेझी उठली, कान टवकारले आणि सरळ माझ्याकडे धावत आली. पुन्हा वाजवावी म्हणून हात वर केला, तर ती होती तिथेच पोट टेकून बसली. तिच्याखालची माती ओली झाली.

भक्ती, तुझ्या सरांना सांग, उचललेला हातही खूण असतो. गुंगीतही तो तिला बरोबर कळला.

आता घंटा दाराला सुतळीनं बांधली आहे. मी खाली बसून सुतळी ओढते, हात मांडीच्या वर नेत नाही. काल ती आली, परसात जाऊन आली आणि माझ्यापासून हातभर लांब बसली. माझ्याच हाताएवढं लांब. दोरीनं ओढून मी तिला नेणार नाही. तेवढं अंतर ती आपणहून येईल, तेव्हाच आम्ही दोघी सेलूला परतू. गोळी वेळेवर चालू आहे.

आता तू माझ्यावर रागव, पण कागदावर.
तुझी,
सविताआत्या