तीन बदाम आणि खिडकीजवळचं मशीन

तीर्थरूप मामा,

नमस्कार कागदावरूनच घ्या, वाकलं की माझी कंबर बोलते. तुमचा खोकला गेला का? मामीचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळं ठीक. म्हणजे तुमच्या शिकवणीपायी दुकानभर माझं हसं व्हायचं, ते थोडक्यात राहिलं.

तुम्ही शिकवलं होतंत की पोकरमध्ये अर्धवट डाव आला तर पत्त्याची वाट बघत बसायचं नाही, आपणच बोली चढवायची. समोरचे घाबरून पत्ते टाकतात, नाहीतर हवा तो पत्ता येतो. (तिसरंही काही होऊ शकतं, हे सांगायला विसरलात.)

आमच्या शिलाईच्या दुकानाला नवी खिडकी पाडली. तिच्याजवळ कोणी बसायचं, हे शनिवारी दुपारी कापायच्या टेबलावर, बटणं लावून पोकरवर ठरायचं होतं. मला ती जागा हवीच होती. का, ते दुकानात कोणाला सांगितलं नव्हतं. हल्ली सुईचं भोक दिसत नाही, घरूनच ओवलेल्या सुया डबीत घालून नेते.

शेवटच्या डावात मला चार बदाम आले. पाचवा आला की पाची एकाच जातीचे, म्हणजे फ्लश! पत्ता बदलायच्या आधीच मी मूठभर बटणं पुढे ढकलली. काजं करणारी ताई गळाली, इस्त्रीवाल्या काकांनी पत्ते टाकले. कटर मास्तर मात्र ढिम्म. (ते चिंधीसुद्धा टाकत नाहीत, पत्ते काय टाकणार!) मी पत्ता घेतला. लाल! उरलेली सगळी बटणं, कोटाची पितळीसुद्धा, लोटली आणि पत्ते आपटले, "पाच बदाम!"

कोणी हसेना. मास्तर हळूच म्हणाले, "बाई, ह्यातल्या दोन चौकटी आहेत."

म्हणजे मामा, ज्याच्या जिवावर मी एवढा आव आणला, तो डाव अर्धवटसुद्धा नव्हता. मास्तर दुर्रीच्या जोडीवर जिंकले. मला रडू आलं, ते दिसू नये म्हणून सांडलेली बटणं वेचत बसले. (ती बरोबर सापडली, हाताला लागतात ना.)

सोमवारी पाहते तर खिडकीजवळ माझं मशीन. मास्तर म्हणाले, "दुपारी मला उजेडात डुलकी लागत नाही."

तुमची भाची

ता. क. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गुरुवारी बोलावलंय. तुमचं इकडे काही काम असेलच, तर त्याच दिवशी काढा. मी घाबरलेली नाही.

ता. क. २. मामा, मी तुमचा भाचेजावई. पत्र हिनं सांगितलं, मी लिहिलं. आत्ता ती आत गेलीय म्हणून घाईनं लिहितो. सुया रोज मीच ओवतो. "मी घाबरलेली नाही" हे तिनं तीनदा लिहायला सांगितलं, दर वेळी आवाज चढवून. मी दोनदा गाळलं. तिच्या हातात काय पत्ते आहेत, ते तुम्ही ओळखलंच असेल. बुधवारीच या.