धुरामागचं जहाज

पोर्ट्समथ, मार्च १८०६

प्रिय ताई,

तुला आणि आईला दुरूनच नमस्कार. मी बरा आहे, जेवतोही वेळेवर. आईचा खोकला थांबला का? मी कॉलेज सोडलं म्हणून बाबा अजून धुमसतात का?

मी ज्यांच्या हाताखाली चित्रं रंगवतो, त्या क्रोलसाहेबांचं समुद्रयुद्धाचं मोठं चित्र संपत आलंय. माझ्या हेस्टरचा भाऊ टोबी ज्या जहाजावर लढताना मेला, ते त्यात मीच रंगवलं होतं. तिला तसा शब्द दिला होता. पण चित्र करून घेणारा कप्तान काल म्हणाला, "माझ्या जहाजाशेजारी हे कशाला? धूर घाला त्याच्यावर!" मी भांडलो. क्रोलसाहेब म्हणाले, "पोरा, प्रेम घरी कर. इथं धूर रंगव."

रंगवला.

आज हेस्टर आली. "कुठंय रे आमचा टोबी?" मी धूर दाखवला. तिनं त्यावर अलगद बोट टेकलं. रंग ओलाच होता. तो पुसला गेला आणि खालची डोलकाठी दिसली.

"आहे की रे!" म्हणाली आणि रडली.

उद्या कप्तान येईल. ती जागा मी बुजवणार नाही. मग क्रोलसाहेब मला कामावर ठेवायचे नाहीत. माझी खोली झाडून ठेवशील? आईला सांग, सुट्टी मिळतेय.

तुझा दमलेला,
जॅस्पर