होडीचं शेपूट

आप्पा, सोसायटीचं रंगकाम निघालंय आणि सेक्रेटरींनी तुमची होडी हलवायला सांगितली. "मॅडम, सीवूड्समध्ये लोकांना स्कूटर लावायला जागा नाही आणि तुमचं जहाज खांबाला टेकून झोपलंय," म्हणाले. त्यांचंही चुकलं नाही. तुम्ही गेल्यापासून ती तिथेच पालथी पडून आहे, वर मांजरं झोपतात. मी रविवारपर्यंत मुदत मागितली. भंगारवाल्याला देण्याआधी एकदा तरी ती पाण्यात उतरवायची, असं मनानं घेतलं.

तुम्हाला खाडी कधी आपली वाटलीच नाही. गच्चीत उभं राहिलं की समोर दिसायची, पण तुम्ही मान फिरवायचात. "खारं पानी ते. आपलं न्हवं." कृष्णेकाठी वाढलेला माणूस तळोज्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा आणि सुट्टी आली की गोडं पाणी शोधत फिरायचा. व्हॅनच्या टपावर पत्र्याची होडी, मागे गळ, दोर आणि आईच्या दशम्या, पुढे मी. पनवेलच्या पुढे नदी होती, पण नदी असणं वेगळं आणि होडी उतरवायला जागा मिळणं वेगळं. कुठे फार्महाऊसचं कुंपण, कुठे उभा तुटलेला काठ, कुठे मांडीपर्यंत चिखल. आई म्हणायची, "लोक पोरीसाठी स्थळं बघतात, हे होडीसाठी बघतायत." संध्याकाळी आपण बोटाएवढे मासे घेऊन आलो की ती भांड्यात डोकावून विचारायची, यांना तेलात सोडू की परत पाण्यात.

तुमची पद्धत एकच. गाडी हळू चालवायची आणि रस्त्यावरचं शेण बघायचं. शेणाचा माग नदीकडे वळला की आपणही वळायचं. "म्हस जितनं उतरती, तितनं होडी उतरती." म्हशीला घसरण नको असते, रोजच्या येण्याजाण्यानं वाट दबून घट्ट होते, पुढचं पाणीही एकदम खोल नसतं. मला हे सगळं गावंढळ वाटायचं. एकदा मीच हट्ट केला की त्या नव्या विसर्जन घाटावर जाऊ, तिथे पायऱ्या आहेत, रेलिंग आहे, चप्पल चिखलानं भरत नाही. तुम्ही तिकडे गाडी घातलीत. दुसऱ्याच पायरीवर होडी आपल्या हातून सुटली आणि ढोल वाजावा तशी खालपर्यंत आपटत गेली. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका पोट धरून हसल्या. तुम्ही होडीला पडलेला पोचा चाचपत म्हणालात, "म्हशीला पायऱ्या लागत्यात का गं कुठं?" मला इतका राग आला की घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. तो पोचा अजून आहे. परवा त्यावर हात ठेवून किती वेळ उभी होते.

पुढे वडाच्या खालची ती जागा सापडली आणि आपलं शोधणं संपलं. मग माझी दहावी आली, रविवारचे क्लास आले. मी म्हणाले, मला जमणार नाही. तुम्ही म्हणालात, "बरं." काही महिन्यांनी होडी व्हॅनवरून उतरली ती उतरलीच. मी विचारलं तर म्हणालात, "नदीत मासंच ऱ्हायलं न्हाईत आता." सगळेच तसं म्हणायचे, मीही मान डोलावली. नंतर ऐरोलीची नोकरी, लग्न, आणि तुमचं ते दुखणं. माझ्या मनात मात्र कायम हेच की आप्पांची हौस फिटली.

या रविवारी वॉचमनच्या मदतीनं होडी गाडीवर चढवली आणि वडाखाली गेले. वाट तशीच आहे, शेणही तसंच. दोर सोडले, पुढचं टोक धरलं आणि ओढलं, तर मागचं टोक टपावरच अडकलेलं. मागून ढकललं तर पुढचं जमिनीत रुतलं. मी इकडून तिकडे धावतेय, घामानं भिजलेय. पाण्यात म्हशी बसल्यात आणि त्यांची मालकीण, एक म्हातारी, काठी टेकून माझा तमाशा बघतेय. "एकटीनं नाय व्हायचा ता," ती म्हणाली. "दुसरा मानूस कुठं हाय तुजा?"

मी म्हटलं, कुणी नाही. तिनं होडीकडे निरखून पाहिलं. "आदी एक बाबा यायचा, हीच होडी घेऊन. बारकी पोर असायची संगती. मंग ती पोर यायची बंद झाली. बाबा येकलाच यायचा. गाडीवरना उतरवायचाच नाय. बसायचा, पानी बगायचा, जायचा. मी बोलली, धरू का? तं बोलला, नको, माजी पोर येल."

आप्पा, तुम्ही मला म्हणायचात, "शेपूट धर गं होडीचं." मला वाटायचं, पोरीला कामात घेतल्याचं समाधान म्हणून म्हणताय. त्या शेपटावाचून होडी उतरत नाही, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाही. "आज चल माझ्याबरोबर," एवढं म्हणाला असतात तर मी एखादा क्लास नक्की बुडवला असता. की नसता बुडवला, कोण जाणे. आता रडायला येतं ते याचंच.

म्हातारीनं शेपूट धरलं, मी पुढचं टोक. होडी पाण्यात गेली, गळली नाही. पोच्याजवळ जरासं पाणी झिरपलं, तेवढंच. काठाजवळ मासे सारखे वर येत होते, खोटं बोललात तुम्ही. मी चढले आणि सवयीनं मागच्या फळीवर जाऊन बसले, माझ्या जागेवर. म्हातारी दोर धरून हसायला लागली. "आगो बाय, मंग वल्हवनार कोन?"

हे पत्र मी त्याच फळीवर बसून मनात लिहायला घेतलं. घरी येऊन कागदावर उतरवलं, पण धाडायचं कुठे? होडी अजून गाडीवरच आहे, भंगारवाल्याला आज नको म्हणून सांगितलं. एक गोष्ट तेवढी राहिली. मला वल्हवता येत नाही, आप्पा. तुम्ही शिकवतो म्हणाला होतात आणि मी दशमी खात म्हटलं होतं, मला कशाला, तुम्ही आहात की.