आठ नंबरची गिट्टी

३ डिसेंबर, मंगळवार
सकाळीच मेधाचा पनवेलहून फोन. शालिनीला रविवारी घेऊन येतेय. लेकीकडे अडीच महिने झाले. खुब्याचं हाड जुळलं, काठी घेऊन चालते. पण अट आहे. न्हाणीत भिंतीला धरायची दांडी हवी, पक्की. आठ दिवस बघणार. आई एकटी अंघोळीला जाऊ शकली तर ठीक, नाहीतर ती कायमची पनवेलला. आणि पाठोपाठ मीही, हे न बोलता.
म्हटलं, दांडी मीच बसवतो. पलीकडून मग, "बाबा, तुम्ही?"
का नाही. शाळेत भिंतीवरचे नकाशे कोण टांगायचं?
दुपारभर नुसता न्हाणीत उभा. गीझर येऊन किती वर्षं झाली, तरी भिंतीला अजून चुलीचा वास आहे, की मलाच येतो. शालिनी अंघोळ करताना माझ्या वर्गातल्या कविता म्हणायची. शब्द पुस्तकातले, चाल तिची. ओसरीवर मी वह्या तपासत बसायचो आणि एखाद्या ओळीला ती तांब्यापुरती थांबली, की माझाही लाल पेन थांबायचा.

४ डिसें., बुध.
मिनीडोर रिक्षाने बोर्लीला. मुनाफच्या हार्डवेअरच्या दुकानात. मुनाफ माझा विद्यार्थी, सातवी, शेवटचा बाक. आज नव्हता, लग्नाला श्रीवर्धनला गेला होता. गल्ल्यावर त्याची सून. दांडी दाखवली, छान आहे, स्टीलची. मग तिने विचारलं, स्क्रू कितीचा? मला काय ठाऊक. समोर आठ नंबरचं खोकं होतं, म्हटलं आठ. गिट्टी? म्हणजे भिंतीतल्या भोकात घालायचा तो प्लास्टिकचा तुकडा, त्यात स्क्रू जातो. तीही आठच दे म्हटलं. ड्रिल मशीन दोन दिवसांसाठी दिलं, त्याचं बिट आठचं.
सगळं आठ. बरं वाटलं. परतताना आठ-आठ अक्षरांच्या ओळी जुळवत बसलो. सुरूच्या बनातून समुद्र मधूनच दिसतो, तिथे बरोबर यती, म्हणजे ओळीतला विसावा, येत होती. माझा थांबा मागे गेला. दोन फर्लांग चालत आलो.

५ डिसें., गुरु.
भोकं पाडली. चार. आधी गिलाव्याची राखाडी भुकटी, मग एकदम तांबडी. जांभ्याचा चिरा लागला. आजोबांनी विहीर खणली तेव्हा त्यांच्या धोतराला हाच वास होता. मी चार-पाच वर्षांचा असेन. काठावर बसून मी त्यांना वरून हाका मारायचो, आणि माझीच हाक खालून मोठ्या माणसाच्या आवाजात वर यायची.
गिट्ट्या अंगठ्याने आत गेल्या. स्क्रूही सुरेख फिरले, फिरतच राहिले. इतकं सोपं असतं?
चारला मेधाला कळवलं, बसली.

संध्या. — धरून पाहिली. सगळा भार टाकला. दांडी, स्क्रू, चारही गिट्ट्या, सगळं माझ्याबरोबर खाली. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. ओल्या फरशीवर बसून राहिलो बराच वेळ. झरोक्यातून पोफळीचे शेंडे दिसत होते. खोटं कशाला लिहू, बसायला वाईट नव्हतं. मग एकदम मनात आलं की इथे ती असती. तेव्हा उठलो.
मेधाचा पुन्हा फोन. धरून पाहिलीत का? म्हटलं, पाहिली. पुढचं सांगितलं नाही.

६ डिसें., शुक्र.
विसरलोच शुक्रवार आहे ते. दुकान नमाजासाठी बंद. पायरीवर तासभर बसलो, रुमालात स्क्रू नि गिट्ट्या बांधून. मुनाफ आला. दाढी पांढरी झालीय माझ्या पोराची. रुमाल सोडला, एक स्क्रू गिट्टीत घातला, उलटा धरला. स्क्रू खाली पडला. मग माझ्या कोपराकडे पाहिलं. हसणार होता, हसला नाही.
स्क्रूचा आठ वेगळा आणि गिट्टीचा आठ वेगळा, म्हणाला. गिट्टी मिलिमीटरने मोजतात, स्क्रूचा नंबर ही त्याची आपली जुनी मोजणी. आठ नंबरचा स्क्रू चार मिलिमीटरच्या वर जेमतेम जातो. आठच्या गिट्टीत तो खुळखुळणारच.
मी म्हटलं, आठ म्हणजे आठ.
"सर, ह्याच्यावर तुम्ही माझा कान धरला होतात. ओळीत अक्षरं आठ, म्हणून मी मात्रा आठ लिहिल्या होत्या."
आठवत नाही मला. पण धरला असेल. तेव्हा धरायचो.
मग त्याने भिंत विचारली. चिरा म्हटल्यावर मान हलवली. मऊ, भोकाभोकांचा दगड. मशीनचं ठोक्याचं बटण चालू ठेवलं होतं मी, त्याने भोक आतून फुटत गेलं. आता दहाची गिट्टी, लांब. चौदा नंबरचा स्क्रू. भोक मात्र नऊचं, ठोक्याशिवाय, म्हणजे गिट्टी ठोकून घट्ट बसेल. गिलाव्याचा पहिला इंच हिशेबात धरायचा नाही. सांध्यात तर मुळीच नाही, चिऱ्याच्या पोटात.
उद्या स्वतः येतो म्हणाला. मी नको म्हटलं, मी करीन. तर म्हणे, "तुम्ही मोजा सर, भोक मी पाडतो."

७ डिसें., शनि.
मुनाफ आला, दोघांनी मिळून भिंत वाजवली. तो बोटाच्या पेराने ठोकायचा, मी कान लावायचो. चिऱ्याच्या पोटावर एक आवाज, सांध्यावर दुसरा. अर्धा तास. फार सुंदर अर्धा तास. पेन्सिलने चार फुल्या मी केल्या. दांडीची भोकं त्याने गोल कानशीने मोठी केली. शेवटचे दोन आटे देताना त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या.
मग लोंबकळला. नव्वद किलो तरी असेल. हललं नाही.
चहा घेताना म्हणाला, "जांभा आहे सर. आज धरलंय एवढंच सांगतो. जामीन राहणार नाही." आठवड्याने पुन्हा बघायला येतो म्हणाला.
जुनी चार भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली. दिसतात.

८ डिसें.
आल्या. शा. हडकलीय. मेधाने दांडी हलवून पाहिली. जेवणं, औषधांच्या वेळा, नातवंडांच्या गप्पा. अंघोळ आज मेधानेच घातली. लवकर निजलो.

९ डिसें., सोम., सकाळी नऊ
मेधा दूध आणायला गेलीय. शा. टॉवेल घेऊन न्हाणीशी आली. मी काठी धरली. तिने आधी दांडीकडे पाहिलं, मग खालच्या पांढऱ्या ठिपक्यांकडे.
"अहो, हे काय?"
सांगून टाकलं. आठाला आठ, गुरुवारची संध्याकाळ, मेधाला अर्धंच सांगितलं ते. सगळं. वाटलं रागावेल. तिने माझी बाही वर केली, कोपर पाहिलं, बाही पुन्हा खाली केली.
"लेकीला अर्धं सांगितलंत, मला पुरं. बरं झालं. आता कुठे नि किती धरायचं ते माझं मी बघते. तुम्ही बाहेर बसा."
मी दार नुसतं लोटून घे म्हटलं. तिने आतून कडी लावली.

स्टुलावर बसून हे लिहितोय. काठी माझ्याच हातात राहिलीय. नळ चालू होता, बादलीचा आवाज भरत गेला. आता नळ बंद. मधे एकदा स्टील किंचित वाजलं, म्हणजे हात दांडीवर आहे. तांब्या नाही वाजला अजून. मेधाची चप्पल अंगणात वाजली.
मी आत हाक मारलेली नाही.