ताटांवरच्या आज्या

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ग्रीकांचा विषय निघाला की मला नव्वदच्या सुमाराचा देवपूरचा तो वर्ग आठवतो. तुम्ही फळ्यावर उत्तरेकडून खाली येणारे बाण काढताय. ग्रीक असे टोळ्याटोळ्यांनी आले असावेत, म्हणताय. "पण सगळे सांगायचे, आम्ही एकाच मूळपुरुषाचे वंशज. तो त्यांनी मागाहून जुळवला." मला हसूच आलं. आमच्या केळीच्या गावात भाट यायचा, गुजरातेतून आलेल्या मूळपुरुषापासून माझ्या भावापर्यंतची नावं वहीतून वाचायचा. माझं नाव विचारलं तर म्हणाला होता, "पोरीचं नाव वहीत कसं लिहू? ते तं दुसऱ्याच्या घरी जाते." हे सांगितल्यावर तुम्ही खडू खाली ठेवलात. "हसू नको. आलेल्यांनी समुद्राचा शब्दसुद्धा आधीपासून तिथं राहणाऱ्यांकडून घेतला म्हणतात. घरात तो पोरांना कुणी शिकवला असेल?" "आयांनी," तुम्हीच म्हणालात. मग सुट्टीत आई, तिची आई, तिची आई, अशी सापडतील तेवढी नावं लिहून आणायला सांगितलंत.

सुट्टी संपवून देवपूरला परत आल्यावर खानावळीत जेवताना मला ते काम आठवलं. समोर खानावळवालीच्या लग्नात आलेली स्टीलची ताटं, प्रत्येकावर देणारीचं नाव कोरलेलं. माझ्या यादीत आई आणि आजी खऱ्या, पुढची पाच नावं ताटांवरची. तुम्ही वर्गात वाचून दाखवलंत, "सात पिढ्या!" म्हणालात आणि स्वतःचं शाईचं पेन मला दिलंत. पुढं दर वर्षी नव्या मुलींना तुम्ही ती यादी सांगायचात, हे कळल्यावर मला आधी गंमत वाटली, मग तुमच्यासमोर यायचीच लाज वाटू लागली. ग्रीकांनी निदान एकच माणूस जुळवला होता.

निदान आजीच्या आईचं खरं नाव शोधून तुम्हाला सांगावं म्हणून नंतर आईला विचारलं, तोवर आजी गेली होती. आई म्हणाली, "आम्ही तिले मोठी माय म्हणत होतो. नाव कोणी इचारलंच नाही." तुमच्याच पेनानं हे लिहितेय, आणि पाठवायला पत्ता नाही म्हणून धीर होतोय. त्या सुट्टीत आजी आमच्याकडेच होती, बाई. ओसरीवर शेंगा निवडत बसली होती. कामाची आठवणही मला घरीच झाली होती, खानावळीत नाही. फक्त उठून विचारायचा कंटाळा आला.