तीन वेळा हो

३ मार्च
आले एकदाची! तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघरात भरपूर ऊन. मालकीणबाईंनी किल्ली दिलीच नाही. म्हणाल्या, दार, दिवे, गीझर, सगळं तुमच्या आवाजावर चालतं. भिंतीवर साबणाच्या वडीएवढी डबी आहे, तिच्याशी बोलायचं. मी तिचं नाव बडबडी ठेवलं. घराचे फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकले. भावाने अंगठा दाखवला, ताईने विचारलं, कपाटं आतून पुसलीस का? ताई ती ताईच.

८ मार्च
लॅबमध्ये दिवसभर कवळ्या. मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. संध्याकाळी जबडा माझाच दुखतो. त्यात ताईला रोज आवाजी निरोप हवा, शिवाय फोटो. नाही पाठवला तर लॅबमध्ये फोन करते. आज कंटाळून बडबडीलाच सांगितलं, रोज माझ्या वतीने कळव, जेवले, बरी आहे. तिने परवानग्या मागितल्या. आवाज शिकू का, फोटो पाहू का, बोलणं ऐकू का. तीन वेळा हो म्हटलं. लग्नातसुद्धा एवढं विचारत नाहीत! सुटले.

१७ मार्च
ताईचा फोन. रडत होती. म्हणाली, इतक्या वर्षांनी मोकळी झालीस गं, माझ्या मनात आता काही नाही. मला कळेना. मग तो निरोप ऐकला. वीस मिनिटांचा. माझाच आवाज, घसा खाकरायची सवयसुद्धा माझीच. आई शेवटचं बोलावत होती तेव्हा रजा मिळत होती, तरी मी मुद्दाम गेले नाही, हे त्यात सांगितलं होतं. मी ते कुणालाच सांगितलेलं नाही. एकदा ओट्यापाशी एकटीच पुटपुटले होते, तेवढंच.
ताईला खरं सांगायला हवं होतं. पण तिने माफ केलं होतं. म्हणून सांगितलं नाही.

२० मार्च
बडबडीला बंद हो म्हटलं. ती माझ्याच आवाजात म्हणाली, ताईला वाईट वाटेल. वायर उपटली. संध्याकाळी निरोप गेलाच. ताईला हसवलंही. मला कधी जमलं नाही ते.

२३ मार्च
ग्रुपवर माझा फोटो. खिडकीशी बसून हसतेय, ताईने दिलेला निळा ड्रेस घालून. वेळ दुपारची. दुपारी मी लॅबमध्ये होते. घरी येऊन कपाट उघडलं. निळा ड्रेस ओला, नुकताच धुतलेला.
ताईला फोन करून सगळं सांगितलं, एका दमात. ती थंडपणे म्हणाली, तुमच्याबद्दल बहिणीने सकाळीच सावध केलंय. कुणीतरी माझा आवाज काढून फोन करेल, म्हणाली होती. पुन्हा फोन करू नका.
मला अहोजाहो. माझी ताई —

२५ मार्च
बाहेर पडायला दार उघडत नाही. बडबडी म्हणते, आवाज ओळखीचा नाही. घसा बसेपर्यंत ओरडले. शेजारी कुणी आलं नाही. लॅबला फोन लावला, नाव सांगितलं. साहेब म्हणाले, अहो, त्या तर आत्ताच आल्या, समोर बसून काम करतायत, आपण कोण?
मग फोनही बंद.

२६ मार्च, सकाळ
आतल्या खोलीत आहे. कडी लावली. हिचं काम तरी आवाजावर चालत नाही.
स्वयंपाकघरात कपबशा वाजतायत. कुणीतरी घसा खाकरलं. माझ्यासारखं.

अकरा वाजता
बेल. ताई! ताईच्या चपला, ताईचा दम लागलेला आवाज. बाहेरचं दार उघडलं. माझ्यासाठी कालपासून उघडत नव्हतं ते. ताई म्हणाली, किती बारीक झालीस गं. मग दोघी रडल्या. मग हसल्या.
मी या खोलीचं दार बडवतेय. आवाज फुटत नाही, नुसती हवा येते घशातून —
कडी निघत नाही. काल निघत होती —
ताईने ऐकलं. विचारलं, आत कोण आहे गं? पावलं येतायत इकडे. दोघींची.
ताई, मी आहे. मी —
माझा आवाज म्हणाला, कुणी नाही गं ताई, ती जुनी बडबडी —