सुमनताईंच्या तीन खुर्च्या

६ जाने.
अकोल्याहून परत. बडनेऱ्याला उतरले तेव्हा डोकं नुसतं भणभणत होतं. आरोग्य आणि समाजकल्याण, तेही अकोला-अमरावती दोन्ही जिल्ह्यांचं, एका टेबलाशी बसवायचा प्रयोग. मार्चपर्यंत मुदत. आज पहिली केस : सुमनताई इंगळे, अमरावतीजवळच्या वलगावच्या. निवृत्त अंगणवाडी सेविका, एकट्या राहतात. लेकीकडे अकोल्याला गेल्या आणि तिथेच लकवा. उजवी बाजू गेली. आता दवाखान्यातून सुट्टी द्यायची, पण नेणार कुठे? लेक तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
अकोलेवाले म्हणे, पेशंट अमरावतीचा. आमचे म्हणे, उपचार अकोल्याचे. आरोग्यवाले म्हणे घरची सोय समाजकल्याणनं बघावी, आणि समाजकल्याणवाले म्हणे बाई आजारी आहे ना! तेवढ्यात चहा आला. तो संपला तसे सगळे उठले. ठरलं काय, तर वृद्धाश्रमात चौकशी करा. चौकशी कोणी, तर अर्थात मी. अमरावतीच्या दवाखान्याची समाजसेविका म्हणजे हक्काची.

८ जाने.
अकोल्याला वॉर्डात सुमनताईंना भेटले. जीभ जड झालीय, पण मुद्दा अगदी स्पष्ट. "मॅडम, मले वृद्धाश्रमात काहून धाडून राहिले? माह्यं घर आहे ना वलगावले." लेक प्रतिभा बाहेर येऊन रडली. "आईले उचलून तीन जिने कशी चढवू मी?" तिच्यावर कसला राग काढणार? माझा राग त्या टेबलावर.
रुबीना, तिथली फिजिओथेरपिस्ट, परवाच्या बैठकीलाही होती ती, गाडीपर्यंत सोडायला आली. म्हणाली, रोज व्यायाम झाला तर ताई दोन महिन्यांत धरून उभ्या राहतील, पण घरी कोणीतरी यायला हवं. मग हसून, "ताई, चाय पहले आ जाती है ना, बस, मीटिंग वहीं खतम."
खरंच की.

१७ जाने.
आज मजा केली. बैठक टेबलाशी नाहीच, थेट वलगावला, सुमनताईंच्या ओट्यावर. या प्रयोगाच्या समितीचे अध्यक्ष, आमचे साहेब, सतरंजीवर मांडी घालून. रुबीना अकोल्याहून आली. शेजारच्या वच्छलाबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं : प्रत्येकाने "हे मी करतो" म्हटल्याशिवाय चहा नाही.
उंच पायरी समोरच. संडास मागच्या अंगणात. आता कोण म्हणणार आमचं नाही म्हणून? तरी एकानं प्रयत्न केलाच, फाइल वरून यायला हवी वगैरे. साहेब सारखे चुलीकडे बघत होते. शेवटी हाक मारलीच, "बाई, चहाचं कुठवर आलं?" वच्छलाबाई जागच्या हलल्या नाहीत. "मॅडमनं सांगतलं, आंधी काम बोला."
मग भराभर. पायरीच्या जागी उतार : साहेब. कमोडची खुर्ची : आरोग्य. सकाळी आंघोळीला मदतनीस : समाजकल्याण. व्यायाम : रुबीना आठवड्यातून एकदा, एरवी गावातली आशा सेविका. रात्रीची सोबत वच्छलाबाईंनी आपणहून घेतली.
परत येताना राजापेठेच्या गर्दीतून गाडी हाकत चक्क गात होते. सिग्नलवरच्या माणसानं वळून पाहिलं. पाहू दे.

२९ जाने.
वृद्धाश्रमातून फोन. जागा रिकामी आहे, आजच सांगा, नाहीतर दुसऱ्याला देतो. प्रतिभाला विचारलं, ती म्हणाली तुम्ही सांगाल तसं. सुमनताईंना विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. मग नको म्हणून टाकलं. फोन ठेवला आणि कोणी काय कबूल केलंय ती यादी पुन्हा वाचली. उद्या एकानं जरी शब्द फिरवला तर ती बाई माझ्यामुळे उघड्यावर.

४ फेब्रु.
आल्या! सुमनताई घरी आल्या.
लिहिताना अजून हसतेय. अकोल्याची अँब्युलन्स दारात, आणि ओट्यावर कमोडच्या खुर्च्या तीन. एक आरोग्यची. एक रुबीना घेऊन आलेली, वेळेवर नाही मिळाली तर म्हणून. एक साहेबांची, त्याच काळजीनं. महिन्यापूर्वी कोणाचंच काम नव्हतं, आज सगळ्यांचंच! आणि खुर्चीच्या नादात साहेब उतार साफ विसरलेले.
मग काय. एका खुर्चीत ताईंना बसवलं. एकीकडून ड्रायव्हर, एकीकडून साहेब, बाह्या वर सारून, उचलून आत. ताईंनी ओट्यावर नजर फिरवली. "मॅडम, इतक्या खुर्च्या काहून? मी का पंगत बसवून राहिली?"
प्रतिभा हसता हसता रडायला लागली. मीसुद्धा. साहेबांनी चष्मा पुसला आणि लगेच गवंड्याला फोन लावला.

२ मार्च
उतार झालाय, जरा वाकडा. मदतनीस येते. आज सुमनताई चौकटीला धरून उभ्या राहिल्या, स्वतःच्या दारात. रुबीना मागे हात पसरून तयार होती, पण ते लागले नाहीत. समोरून जाणाऱ्या एका बाप्याला ताईंनी मुद्दाम हाक मारली, नुसतं दाखवायला.
एक खुर्ची बडनेऱ्याच्या एका आजोबांकडे गेली. तिसरी आज न्यायची होती, ताई देईनात. "राहू द्या. तुमचा हा जो कार्यक्रम आहे, तो पुढं चालणार का नाई?"
म्हटलं, माहीत नाही. महिनाअखेरीला बैठक आहे, त्यात ठरेल. बाकीच्या पेशंटांच्या घरी जायचं की पुन्हा टेबलाशी बसायचं, ते.
"मंग इथंच बोलवा सगळ्याईले. साहेबाले बसाले खुर्ची आहे. चहा मी करतो, डाव्या हातानं." मग लगेच, "पण आंधी हो म्हणू द्या त्याईले."
साहेबांना निरोप धाडलाय. अजून उत्तर नाही.